उंबराखालचा भाऊ

आई गेली तेव्हा दादा आणि अक्का तिच्या उशाशी होते. मी दुकानात एका गिऱ्हाइकाची नथ सांधत बसलो होतो. त्यामुळे आईचं शेवटचं बोलणं मला दादांच्या तोंडून ऐकावं लागलं. आमचे थोरले बंधू म्हणजे घरातला तराजू; दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही गुंजभर कमी नाही की जास्त नाही. आई म्हणाली ते एवढंच: "तो तिथं एकटा आहे. त्याच्या उशाचा धोंडा आणा आणि आम्हां दोघांना एकदमच पाण्यात सोडा." दादांनी तिच्या हातावर पाणी सोडलं आणि हो म्हटलं.

'तो' कोण, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नसे. अक्काच्या पाठीवर आणि माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो बारशाच्या आधीच गेला. तेव्हा आम्ही पुण्यात नव्हतो. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, मुठेच्या काठी एक लहानसं गाव आहे, तिथं वडील सोनारकी करत. तान्ह्या पोराला अग्नी देत नाहीत, पुरतात. वडील कुदळ घेऊन पुढे आणि दादा मागे, असे दोघंच ओढ्याकाठच्या उंबराखाली गेले. दादा तेव्हा लंगोटीतले. वडिलांनी माती लोटली आणि दादांनी ओढ्यातला एक धोंडा उचलून आणून उशाशी ठेवला. आई बाळंतिणीच्या खोलीत होती. तिला जायचं होतं, पण तिला कुणी जाऊ दिलं नाही.

मग मी झालो. आधीचं मूल गेलं की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, म्हणजे मुलगी समजून मृत्यू फसतो म्हणे. माझं नाक टोचलं आणि त्यात घालायची बारीक वाळी वडिलांनी स्वतः घडवली. त्या सुमारास पुण्यात पेठांमागून पेठा वसत होत्या आणि श्रीमंतांच्या वाड्यात लग्न निघालं की शहरातले सोनार पुरत नसत. तशाच एका लग्नाच्या कामाला वडिलांना बोलावणं आलं, ते आले, आणि पुढच्या वर्षी आम्हां सगळ्यांना घेऊन आले. गाव सोडताना मी आईच्या मांडीवर होतो आणि ती मागे बघत होती, एवढंच मला आठवतं. तेही कदाचित लोकांनी सांगून सांगून आठवायला लागलं असेल.

खरं सांगायचं तर मला त्या भावाचा राग होता. आई मला जेवायला वाढायची तेव्हा पहिला घास बोटांनी ताटाबाहेर काढून ठेवायची आणि मग मला जेव म्हणायची. मला ताप आला की तिच्या डोळ्यांत जी भीती उभी राहायची ती माझ्या तापाची नसायची, आधीच होऊन गेलेल्या गोष्टीची असायची. जिवंत भावाशी भांडता येतं, त्याला एक चापट मारता येते, त्याची एक खाता येते. याचं काय करणार? त्याला नावसुद्धा नव्हतं. आणि मरताना आईला आठवला तोच. आम्ही तिघं धडधाकट, पोराबाळांचे झालो होतो, आणि तिला काळजी त्याची.

आईचे दिवस झाले. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून त्यांचं मडकं फडक्यात बांधून मागच्या परसातल्या लिंबाला टांगलं होतं. दादा रोज सकाळी तोंड धुवायला परसात जात आणि तांब्या हातात धरून त्या मडक्याकडे बघत उभे राहत. जेवण निम्म्यावर आलं होतं. दगड आल्याशिवाय आई झाडावरून उतरणार नव्हती आणि तोवर दादा धड बसणार नव्हते, हे आम्हांला दिसत होतं. शेवटी अक्काच म्हणाली, "चला, तिघंही जाऊ. आपलं गाव एकत्र बघितल्याला जन्म लोटला."

मार्गशीर्षातल्या थंडीत आम्ही पहाटेच भाड्याच्या बैलगाडीनं निघालो. गाडीत गवताचा बिछाना, अक्काच्या दशम्या आणि गोणपाटात गुंडाळलेली कुदळ. लाकडी पूल ओलांडला आणि शहर मागे पडलं. हिंगण्याची शेतं गेली, वारज्याला आमराईत बैल सोडून दशम्या खाल्ल्या. अक्काला सासरी गेल्यापासून कुणी इतका वेळ बोलू दिलं नसावं. ती आज सगळं भरून काढत होती. दारातली चिंच केवढी मोठी होती, वडील फुंकणी फुंकताना गाल कसे फुगवायचे, ओढ्यात खेकडे कसे मिळायचे. "खेकडे मी धरायचो," दादा एकदाच बोलले. "तू नुसती किंचाळायचीस."

"एकूण काय, मी यायच्या आधी इंद्राची नगरी होती तुमची," मी म्हणालो. "मी आलो आणि तुम्हांला पुण्यासारख्या उकिरड्यावर आणून टाकलं."

अक्का हसली. मग म्हणाली, "तू रागावतोस ते मला कळतं हं. लहानपणापासून कळतं." मी बैलांच्या पाठीकडे बघत राहिलो.

दुपार कलायच्या आत आम्ही गावाशी पोचलो. चिंच होती. अक्का म्हणाली त्याच्या निम्मीही नव्हती, पण होती. तिच्यासमोर जिथं आमचं घर असायला हवं होतं, तिथं खड्डा होता. पडकं घर नव्हे, जोतं नव्हे, भिंतीचा खुंट नव्हे. चांगला कमरेएवढा खोल, लांबरुंद खड्डा, आणि त्यात टाकळा आणि रुईची झुडपं माजलेली. अक्का तोंडाला पदर लावून उभी राहिली. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच जागी आलो.

दादा खड्ड्यात उतरले, चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "झारेकरी."

सोनाराच्या घरात जन्मलेल्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. सोनार काम करतो तेव्हा कानशीतून, भट्टीतून सोन्याचे कण उडतात, केरात जातात, जमिनीत मुरतात. झारेकरी येऊन तो केर विकत घेतात, धुतात आणि त्यातले कण काढून पोट भरतात. सोनारानं घर सोडलं की ते जमीनसुद्धा खणून नेतात, कारण वर्षानुवर्षं तिथं सोनं झिरपलेलं असतं. आमच्यामागे त्यांनी तेच केलं होतं. वडील बसायचे ती जागा, आईची चूल, अक्का भातुकली मांडायची तो कोपरा, सगळं पाट्यांत भरून नदीवर नेऊन धुतलं होतं. लोकांची घरं पावसानं पडतात, आगीत जळतात. आमचं घर धुऊन नेलं.

"त्यांना मिळालं तरी काय असेल?" अक्का म्हणाली.

"वाल-दोन वाल सोनं, नखावर मावेल एवढं," दादा म्हणाले आणि वर आले. मी हात दिला तो त्यांनी धरला. एरवी धरला नसता.

त्या घरात मी कधी जाणतेपणी राहिलो नव्हतो, तरी त्या खड्ड्याच्या कडेवरून माझा पाय निघेना. चूल कुठं होती यावर दादा आणि अक्का थोडा वेळ वाद घालत राहिले. दादा म्हणाले पूर्वेला, अक्का म्हणाली चिंचेकडे. खड्ड्याला विचारून उपयोग नव्हता. वाद मिटला नाही आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नसावं.

मग आम्ही कुदळ घेऊन ओढ्याकडे निघालो. त्या वाटेवर मात्र दादा पुढे झाले.

उंबर लांबूनच दिसला. त्याच्याखाली बायकांना बसता येईल एवढा एक ओटा होता, चांगला मातीनं सारवलेला. फांद्यांना तान्ह्या पोरांची झबली बांधलेली होती, काही विटून पांढरी पडलेली, काही परवाची वाटावीत अशी. आणि ओट्यावर शेंदराचा देव होता. चांगला गुडघ्यापेक्षा उंच, लालभडक, तेलानं चकाकणारा, आणि त्याला चांदीचे दोन डोळे. समोर दिवा, फुलं आणि दुधाची वाटी.

दादांनी झाडाला एक फेरी घातली. ओढा बघितला, झाडाचा दुहेरी बुंधा बघितला आणि देवासमोर येऊन उभे राहिले. "हाच," ते म्हणाले. "माझा धोंडा याच्या आत आहे."

"याच्या आत?" मी म्हणालो. "दादा, तुम्ही आणलात तो नारळाएवढा असेल. हा बघा केवढा आहे!"

"शेंदूर चढत गेला," दादा म्हणाले.

ओट्याच्या बाजूला एक म्हातारी झाडलोट करत होती. तिनं आमच्याकडे, मग माझ्या हातातल्या कुदळीकडे बघितलं आणि खराटा खाली ठेवला. अक्काकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "सोनाराची ल्योक न्हवं तू? आईवानी कपाळ हाय तुझं." आणि अक्कानं तिला ओळखलं. आमच्या पलीकडच्या घरातली बाई. आईची तिथली एकुलती मैत्रीण म्हणायला हरकत नाही.

आई गेल्याचं अक्कानं सांगितलं. म्हातारी ओट्याच्या कडेला बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मग तिनं न विचारताच सांगितलं. गाव सोडून निघायच्या आदल्या दिवशी आई तिच्याकडे गेली होती. "मला म्हनली, आमी चाललो. मागं कुनी हितं नांगर घालंल, गुरं बांधील, धोंडा ओढ्यात ढकलून देईल. तू येवढं कर, त्याला शेंदूर लाव. शेंदराच्या धोंड्याला कुनी हात लावत न्हाई. म्या लावला. दर अवसंला लावत गेले. कुनाला काय बोलले न्हाई. मग कुनाच्या तरी पोराला बरं न्हवतं, तिनं हितं हात जोडलं, पोर बरं झालं. झालं. बाळोबा म्हनत्यात त्याला आता. समद्या मावळातनं बाया येत्यात, बारशाच्या आधी पोर घिऊन. पोराचं नाव आधी त्याच्या कानात सांगत्यात, मग घरला."

बाळोबा. बारशाच्या आधी गेलेल्या पोराला पंचक्रोशीनं नाव ठेवलं होतं, आणि आईला ते ठाऊक नव्हतं. घासामागून घास ताटाबाहेर ठेवत ती बिननावाच्या पोरासाठी झुरत राहिली. मला त्या क्षणी राग आला, पण कुणाचा ते कळेना.

दादांनी मग सरळ सांगून टाकलं. त्यांना आडवळणानं बोलता येत नाही. "आईला मी शब्द दिला आहे. हा धोंडा तिच्या अस्थींबरोबर पाण्यात सोडायचा आहे. आम्ही तो न्यायला आलो आहोत."

म्हातारीनं दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "न्या. तुमचाच हाय तो, मी कशी न्हाई म्हनू? पर उद्या बाया येतील, त्यास्नी काय सांगू तेवढं सांगून जावा."

अक्का म्हणाली, "दादा, नको. आईला तो एकटा आहे याचंच दुःख होतं ना? हा एकटा आहे का? बघा तरी किती झबली आहेत."

"शब्द एकटेपणाचा नव्हता. शब्द धोंड्याचा होता."

मी अक्काच्या विरुद्ध गेलो. "ती मेली ती त्याची आठवण काढत. आयुष्यभर तिनं दुसरं काही मागितलं नाही. आता देव झाला म्हणून तो गावाचा, आणि आईचा कुणीच नाही? उचलू आणि चालू लागू." मी हे बोललो तेव्हा मला आईची बाजू घ्यायची होती, हे खरं. पण तो एकदाचा उंबराखालून निघावा आणि पाण्यात जाऊन संपावा, असंही मला वाटत होतं.

तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं दोन बायका आल्या, एक पोक्त आणि एक अगदी कोवळी, कान बांधलेली बाळंतीण. कोवळीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं पोर. आम्ही बाजूला झालो. कुदळ मी पाठीमागे धरली. का धरली ते सांगता येत नाही. पोरीनं बाळाला देवापुढे ओट्यावर ठेवलं. पोक्त बाई, बाळाची आत्या असावी, देवाच्या चांदीच्या डोळ्यांपाशी वाकली आणि शेंदराला तोंड लावून काहीतरी कुजबुजली. मग बाळाच्या कानाशी वाकून तेच कुजबुजली. पोरीनं फांदीला एक नवं झबलं बांधलं, जुन्यांपैकी एक सोडून घेतलं आणि बाळावर पांघरलं. जाताना तिनं ओट्याला हात लावून तो बाळाच्या कपाळाला लावला. "बाळोबा, लक्ष असू दे रं बाबा. तुझा धाकटा हाय," ती म्हणाली.

तुझा धाकटा. त्याचा धाकटा मी होतो. इतकी वर्षं तो मला तान्हा, माझ्या वाटणीचं दूध पिणारा पोर वाटत आला होता. तो माझ्याहून मोठा आहे, हे माझ्या डोक्यातच कधी शिरलं नव्हतं.

बायका गेल्यावर दादा देवासमोर मांडी घालून बसले. मग त्यांनी हात पुढे करून चांदीच्या एका डोळ्याची खालची कड बोटानं चाचपली, पुढे झुकून बघितलं आणि मला हाक मारली. "इकडे ये. हे बघ."

मी बघितलं. खालच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात चांदीचा एक रवा होता, मोहरीच्या दाण्याहून बारीक. असा रवा पुण्यातला दुसरा कुठलाही सोनार ठेवत नाही. देवाचे डोळे घडवताना आमचे वडील तेवढा ठेवत. बाकीचे सोनार हसत, की हे काय, देवाला डोळे आलेत का? वडील म्हणत, डोळ्यात पाणी असल्याशिवाय तो डोळा बघत नाही.

"हे त्यांनी कधी केले?" दादांनी विचारलं. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

"मीच गेले हुते पुन्याला," म्हातारी म्हणाली. "गावानं डोळं करायचं ठरवलं. म्या म्हनलं, आपल्या सोनाराकडंच करायचं. त्यास्नी सांगितलं, उंबराखालच्या देवाला पायजेत. त्यांनी हातातलं काम खाली ठिवलं. मग हितं सोता आलं. सोता बसवलं. चांदीचं काय घेतलं न्हाई. हितं रडलं, तुमी बसलाव तितंच. मला म्हनलं, घरात सांगू नगंस. तिला कळलं तर ती हितंच यिऊन बसंल, आन् माझी तीन पोरं तितं आईबिगर ऱ्हातील."

वडील जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ते ही गोष्ट पोटात घेऊन गेले. आई ताटाबाहेर घास ठेवायची तेव्हा ते खाली मान घालून जेवत असायचे. मला वाटायचं, त्यांना पर्वा नाही. चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी आम्हां तिघांसाठी केलं, एवढं मात्र कळलं, आणि मी तिथंच ओट्यावर डोकं टेकलं.

दादांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. "राहू दे इथंच," ते म्हणाले. "कुदळ गाडीत ठेवून ये."

"आणि शब्द?" मी विचारलं.

"शब्द मोडला. आईला काय सांगायचं ते मी सांगेन." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की अक्कानं त्यांचा हात धरला. ज्या माणसानं आयुष्यात गिऱ्हाइकाला दिलेला वार चुकवला नाही, त्याला मेलेल्या आईला दिलेला शब्द मोडणं किती जड गेलं असेल ते आम्हांला ठाऊक होतं.

निघायच्या आधी ते म्हणाले, "डावा डोळा सैल झाला आहे. तेवढा बसवून जातो." सोनाराला असं सोडून जाता येत नाही. त्यांच्या बटव्यात चिमटा आणि बोटभर हातोडी कायम असते. म्हातारीनं मेण आणि निखारे आणून दिले. डोळा का हलतोय ते बघायला दादांनी सवयीनं हातोडीचं टोक शेंदरावर हलकेच वाजवलं. मग कान लावून दुसऱ्या जागी वाजवलं. दागिना भरीव की पोकळ हे सोनार असंच बघतो. "पोकळ वाजतंय," ते म्हणाले. "शेंदूर आतल्या धोंड्यापासून सुटला आहे."

त्यांनी डोळे काढून माझ्या तळहातावर दिले आणि दोन्ही हातांनी शेंदराला आधार दिला. एक बारीक तडकल्याचा आवाज झाला, आणि डोक्यापासून बुडापर्यंत शेंदराचं ते सगळं कवच एका अंगानं उलगडून अख्खंच्या अख्खं दादांच्या हातांत आलं. आत, ओट्याच्या मधोमध, ओढ्यातला एक काळा गुळगुळीत धोंडा होता. नारळाएवढा. दादांनी तो लगेच ओळखला. लहान मुलाला दोन हातांनी उचलता येईल तेवढाच होता.

मला वाटलं म्हातारी आता बोंब मारील. तिनं हात जोडले. "खोळ सोडली देवानं," ती म्हणाली. "म्हातारपनी बघायला गावली. बरं झालं तुमच्या हातात सुटली." आणि मग तिनं तिथला रिवाज सांगितला: देवानं शेंदराची खोळ टाकली की ती वाहत्या पाण्यात सोडायची असते, आणि ज्याच्या हातात सुटली त्यानंच सोडायची असते. "हितं ओढ्यात सोडा, न्हाईतर पुन्याला न्या. नदी तीच हाय."

दादा त्या खोळीकडे बघत राहिले. शेंदूर, तेल, पुन्हा शेंदूर, थरावर थर. आईनं गाव सोडल्याच्या दिवसापासूनची प्रत्येक अवस त्यात होती. अक्का हळूच म्हणाली, "दादा, ही आईकडे नेऊ."

त्यांनी मान हलवली. मग म्हातारीनं उघड्या धोंड्याला तेल लावलं, नवा शेंदूर चढवला आणि दादांनी वडिलांचे डोळे त्यावर पुन्हा बसवले. लहानशा धोंड्यावर ते फार मोठे दिसत होते. तान्ह्या पोराचे असतात तसे.

परतताना खोळ कुठं ठेवायची हा प्रश्न आला. गाडीच्या दणक्यांनी ती फुटली असती. शेवटी अक्कानं ती स्वतःच्या शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिली. वजनाला ती चांगलीच होती, आणि तेलाचा वास येत होता. चाक दगडावरून गेलं की मी तिच्याभोवती हात घट्ट करत होतो. वारज्यापाशी अक्का म्हणाली, "पाय बदल, अवघडशील." मी म्हटलं, राहू दे. माझा थोरला भाऊ माझ्या मांडीवर होता, आणि मला त्याचा राग येत नव्हता. फार वर्षांनी येत नव्हता.

पुलापाशी चौकीवरच्या शिपायानं गाडी अडवली. सोनार, रात्रीची वेळ आणि शालीत गुंडाळलेलं जड गाठोडं. त्याच्या जागी मी असतो तर मीही अडवलं असतं. "काय आहे त्यात?" त्यानं विचारलं. मी काहीतरी तिरकस बोलणार होतो, पण दादा आधी बोलले.

"आमचा भाऊ," ते म्हणाले.

शिपायानं मशाल जवळ आणून शाल बाजूला केली, शेंदूर बघितला, एकदा दादांच्या तोंडाकडे बघितलं, आणि शाल होती तशी नीट पांघरून आम्हांला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी लिंबावरून मडकं उतरवलं आणि आम्ही तिघं संगमावर गेलो. पाणी बोचेल इतकं गार होतं. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, हातात आईच्या अस्थी. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी, आणि आमच्या दोघांच्या हातांवर ती खोळ. रात्रभर त्यांनी मनाशी जुळवलेलं असावं, पण तोंडातून निघालं ते इतकंच. "आई, शब्द मोडला. धोंडा आणला नाही."

अस्थी पाण्यात गेल्या. अक्कानं मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही दोघांनी मिळून खोळ त्यांच्यामागून सोडली. ती क्षणभर उभी तरंगली, कुणी लहान मूल गळाभर पाण्यात उभं राहावं तशी.

"आई, बघ," अक्का म्हणाली. "केवढा झाला."